मनोविकाराचें औषध आणि विम्याचा नियम

श्रोते हो, ताप उतरला कीं औषधाची बाटली फडताळांत जाते. मनोविकाराच्या औषधाचें तसें नाहीं. छिन्नमनस्कता किंवा उन्माद-विषाद या विकारांत पुष्कळ रोग्यांना वर्षानुवर्षें रोज गोळी घ्यावी लागते. ती चालू आहे तोंवर मनुष्य शेतावर जातो, हिशेब ठेवतो, मुलाबाळांत बसतो. मध्येंच बंद पडली तर आजार उलटण्याचा धोका फार वाढतो. लिथियम घेणाऱ्याचें रक्तही मधून मधून तपासावें लागतें, कारण त्याच्या गुणकारी व विषारी मात्रांत अंतर थोडें असतें.

आतां विम्याकडे वळूं. २०१८ च्या सप्टेंबरांत आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार तींत मिळतात, आणि मानसिक विकार वगळलेले नाहींत, ही मोठीच गोष्ट होय. परंतु सारा नियम खाटेभोवतीं फिरतो. दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस व घरीं गेल्यानंतरचे १५ दिवस, एवढ्यांतील औषधांचा खर्च योजनेंत धरला आहे. बाह्यरुग्ण विभागांतील उपचार धरलेले नाहींत. मग सोळाव्या दिवशीं काय करावयाचें?

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २१ व्या कलमानें विमा कंपन्यांवर असें बंधन घातलें कीं, शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिक आजाराला द्यावा. तत्त्व उत्तम, पण मधुमेह्याच्या रोजच्या गोळीलाही विमा बहुधा हात आखडतो, तेव्हां ही समता नकाराचीही समता ठरते. शिवाय मधुमेह्याला आपण आजारी आहों हें कळत असतें. मनोरुग्णाची गोळी सुटली कीं कित्येकदां तें कळणेंच सुटतें.

सोळाव्या दिवसाचें खरें उत्तर त्याच कायद्याच्या १८ व्या कलमांत आहे. शासनानें अत्यावश्यक औषधांची यादी जाहीर करावी व तींतील औषधें सर्व मनोरुग्णांना सर्वकाळ विनामूल्य द्यावीं, असें तें सांगतें. येथें शिधापत्रिकेचा रंग विचारावयाचा नाहीं. मात्र औषध यादींत असावें लागतें, आणि हा हक्क सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयापासून वर लागू होतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांत गोळी मिळाली तर उत्तमच. पण कायद्याचा आग्रह तेथवर पोंचत नाहीं.

समजा, डोंगरावरच्या वाडींतील एखादी माउली दरमहा मुलाची गोळी आणण्यास तालुक्याला जाते. दिवसाचा रोजगार बुडतो, मोटारीचें भाडें जातें, आणि खिडकीवर उत्तर मिळतें, "साठा संपला." विकत घेणें परवडत नाहीं. कांहीं आठवड्यांत मुलगा रात्र रात्र जागूं लागतो, आणि अखेर त्याला दाखल करावें लागतें. त्या दिवशीं मात्र विमा-योजना हात मोकळा सोडते!

कायद्यांतील 'सर्वकाळ' हा शब्द अशा माउलीसाठींच आहे. साठा नसल्यास तिनें रुग्णालयाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी. तेथें दाद न लागल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जातां येतें. तक्रारींत औषधाचें मूळ नांव व खिडकीवर गेल्याची तारीख अवश्य लिहावी.