चेनपुली आणि सहल

दिवाळीची सुट्टी संपली की कोल्हापुरातून शाळांच्या सहली निघू लागतात. रात्री गाडीत बसायचं, सकाळी मुंबई. मग राणीची बाग, गेटवे, आणि मधेच कुठंतरी वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र. त्याच्या वाट्याला जेमतेम तासभर येतो. त्या तासात पोरं दिसेल ते बटण दाबतात, आणि दिवा लागायच्या आत पुढच्या बटणाकडं पळतात. मागं सरांची शिट्टी असतेच. पणजीत मिरामारला गोवा विज्ञान केंद्र आहे, आपल्याला जवळचंही. पण ते समुद्राला लागून. आधी समुद्र दाखवला की विज्ञान संपलं!

वरळीला 1977 मध्ये प्रकाश आणि दृष्टी या विषयावरचं दालन सुरू झालं. 1979 मध्ये, आंतरराष्ट्रीय बालवर्षात, विज्ञान उद्यान खुलं झालं आणि मुख्य केंद्राचं उद्घाटन 1985 मध्ये. म्हणजे इमारतीच्या आधी बाग. मला हा क्रम पटतो. मुलांना अर्धा दिवसच मिळणार असेल, तर निम्मा वेळ बागेतच जाऊ द्यावा.

अशा बागांत कप्प्यांचे पाळणे असतात. खुर्चीत बसायचं आणि दोरी ओढून स्वतःलाच वर उचलायचं. एका खुर्चीला कप्प्या कमी, दुसरीला जास्त. जास्त कप्प्यांच्या खुर्चीतलं किरकोळ पोरगंही सरसर वर जातं. इथं शिट्टी वाजवू नये. त्याला दोन्ही खुर्च्यांत पुन्हा पुन्हा बसू द्यावं. मग त्याच्या ध्यानात येतं, की जोर कमी लागला खरा, पण दोरी मात्र वावभर जास्त ओढावी लागली. फुकट काहीच मिळालेलं नाही. यंत्रशास्त्राचा निम्मा धडा इथंच झाला, तोही वहीत काही न लिहिता.

आपल्या उद्यमनगरातल्या पोराला हे सांगायलाही लागत नाही. त्यानं कारखान्यात चेनपुली पाहिलेली असते. साखळी हातानं ओढता ओढता घाम निघतो, तेव्हा कुठं कास्टिंग वीतभर उचलतं. वर्गात गप्प बसणारं असं पोर त्या खुर्चीपाशी एकदम बोलू लागतं, आणि पहिल्या नंबरची मुलं त्याचं ऐकत उभी राहतात. सरांनीही ऐकावं. ज्या गावात चांगल्या कारागिराला मान देऊन मेस्त्री म्हणतात, तिथं हे अवघड जाऊ नये.

जे आधी डोळ्यांनी पाहिलं, ते बागेत चटकन कळतं. म्हणून माझं म्हणणं, की मुंबईला नेण्याआधी मुलांना राधानगरीला न्या. शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेलं हे धरण. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. धरण भरलं की ते आपोआप उघडतात, पातळी उतरली की मिटतात. ना वीज, ना बटण. पाण्याची उंची आणि वजनांचा तोल, एवढ्यावर सगळा कारभार. एका दरवाजातून 1,428 क्युसेक पाणी सुटतं. पावसाळ्यात हा आकडा आपण बातम्यांत ऐकतो आणि सोडून देतो. मुलांना तो मांडायला लावा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28 लिटरच्या वर. म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला सुमारे 40,000 लिटर, दहा हजार लिटरचे चार टँकर! आणि एवढा दरवाजा उघडायला माणूस लागत नाही.

तो का लागत नाही, हा प्रश्न घेऊन पोरं वरळीच्या बागेत गेली, की तरफेपाशी आणि तराजूपाशी आपणहून थांबतील. दहा-दहाचे गट करा, प्रत्येक गटाला चार-पाचच प्रयोग द्या, बाकीचे राहिले तर राहू द्या. आणि राधानगरीला पावसाळ्यातच जा, पण पाटबंधारे खात्याला आधी विचारून. दरवाजे उघडे असतात तेव्हा आपल्याकडचे रस्ते बऱ्याचदा बंद असतात.