मध्यस्थाची अडत

यवतमाळ जिल्ह्यांतील घाटंजीसारख्या कापसाच्या पेठेंत पूर्वीं शेतकरी व व्यापारी यांच्यामध्यें अडत्या उभा असे. तो सौदा जुळवी, पैसे बुडणार नाहींत याची हमी घेई आणि आपली अडतही कापून घेई. तो निःस्वार्थी नाहीं हें दोघेही जाणून असत. तरी त्याच्यावांचून त्यांचें अडत असे. दोन राज्यांच्या भांडणांत तिसरी सत्ता पडते, तेव्हां बहुधा हेंच घडतें.

सालबाईचा तह हें याचें मराठी उदाहरण. राघोबादादांच्या निमित्तानें १७७५ मध्यें पुणें दरबार व इंग्रज यांच्यांत युद्ध जुंपलें. महादजी शिंदे हे नांवानें पेशव्यांचे सरदार, पण सामर्थ्यानें जवळजवळ स्वतंत्र सत्ताधीश. ते पुण्याच्या बाजूनें लढत होते, म्हणजे तटस्थ नव्हतेच. मात्र युद्ध माळव्यांत शिरलें, तेव्हां १३ ऑक्टोबर १७८१ रोजीं त्यांनीं कर्नल म्यूर याच्याशीं वेगळा करार करून पुण्याशीं तह घडविण्याचें पत्करलें. हैदर अलीशीं झुंजणाऱ्या वॉरन हेस्टिंग्जलाही तेंच हवें होतें.

१७ मे १७८२ रोजीं तह ठरला. पुरंदरच्या तहानंतर जिंकलेला पेशव्यांचा मुलूख इंग्रजांनीं परत करावा, साष्टी त्यांच्याकडे राहावी व राघोबांस दरमहा २५ हजार रुपये मिळावे, असें त्यांत होतें. दोन्ही पक्षांचे जामीन महादजीच राहिले. त्यांची अडत म्हणजे भडोच. शिवाय उत्तरेंत त्यांस हात मोकळे मिळाले.

ती अडत कोणाच्या पदरांतून गेली? हैदर पुण्याचा दोस्त. तो बैठकीस नव्हता, तरी त्यानें जिंकलेला मुलूख सोडावा असें कलम तहांत पडलें. नाना फडणविसांनीं मान्यता लांबविली. ७ डिसेंबरला हैदर वारला आणि त्याच महिन्यांत ती मिळाली. त्यानंतर सुमारें वीस वर्षें मराठे व इंग्रज यांच्यांत मोठें युद्ध झालें नाहीं.

जानेवारी १९६६ मध्यें ताश्कंद येथें सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांनीं भारत व पाकिस्तान यांच्यांत समेट घडविला. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण तेथें हजर होते. आशियांत आपलें वजन वाढावें, हा हेतु मॉस्कोच्याही मनांत होताच.

म्हणून मध्यस्थाचा स्वार्थ दिसतांच त्यास दूर सारणें शहाणपणाचें नव्हे. स्वार्थ असतो म्हणूनच तो जामीन राहतो. पाहावयाचें तें इतकेंच कीं, त्याची अडत बैठकीस नसलेल्या एखाद्या हैदराच्या माथीं तर बसत नाहीं ना.