औषध म्हणू नका, विष म्हणा

(बचत गट आणि शेतमजूर स्त्रियांच्या कार्यकर्त्यांसाठी यवतमाळ जिल्ह्यात झालेल्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून.)

मैत्रिणींनो,

आज मी ज्या वस्तूबद्दल बोलणार आहे ती तुमच्यापैकी बऱ्याच जणींच्या घरात आत्ता असेल. कुणाच्या छपराला खोचलेली, कुणाच्या खाटेखाली, कुणाच्या धान्याच्या कोठीमागे. आपण तिला 'औषध' म्हणतो. कपाशीचे औषध, तुरीचे औषध, परसातल्या वांग्यावर मारायचे औषध. औषध म्हटले की भीती जाते. म्हणून पहिली विनंती अशी, की आजपासून तिला विष म्हणू या.

काही वर्षांपूर्वी आम्ही कीटकनाशकांच्या वापराची माहिती घेत गावात फिरत होतो. फवारणी कोण करते, हा कागदावरचा पहिला प्रश्न. एक ताई म्हणाल्या, "फवारनी तर आमचे मालक करते. मले नुसतं पानी आनाचं, औषध कालवाचं." मी 'पुरुष' या शब्दापुढे खूण केली. निघताना पाहिले, तर त्या उघड्या हातांनी बादलीत काडी फिरवत होत्या आणि दाराशी कीटकनाशकाच्याच जुन्या डब्यात पाणी भरून ठेवले होते. चूक त्यांची नव्हती, माझा प्रश्नच चुकला होता.

जरा हिशेब करू. पाणी कोण वाहते? बाई. कालवते कोण? पुष्कळदा बाईच. फवारलेल्या वावरात निंदायला, कापूस वेचायला कोण जाते? विषाने भिजलेले कपडे कोण धुते? रिकामा डबा 'चांगला आहे' म्हणून घासूनपुसून कोण ठेवते? पंपातले विष पाण्याने पातळ झालेले असते, कालवताना मात्र ते दाट असते. कातडीतूनही ते अंगात जाते. म्हणजे पंप पाठीवर न घेणारी बाई सर्वांत दाट विष हाताळते आणि तिची नोंद मात्र 'फवारणी करत नाही' अशी होते.

२०१७ सालचा पावसाळा आपल्या जिल्ह्याला विसरता येणार नाही. फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. तेव्हा पुष्कळांनी म्हटले की शेतकरी हातमोजे घालत नाहीत, मास्क लावत नाहीत. रोजाने जाणाऱ्याने हातमोजे कुठून आणायचे आणि भर उन्हात प्लॅस्टिकचा अंगरखा कसा घालायचा, हे विचारणारे थोडे होते. कालवणाऱ्या आणि कपडे धुणाऱ्या बायांबद्दल विचारणारे त्याहून थोडे.

काळजी घेऊ नका असे मी म्हणत नाही. काळजी घ्याच. डब्यावर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो, तो वाचता न येणारीलाही कळतो. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. कालवताना रबरी हातमोजे आणि लांब काठी वापरा. गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई आणि मुले यांनी विषाला हात लावू नये. वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नये. फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. फवारलेल्या वावरात लगेच शिरू नका.

खूप घाम, लाळ, उलटी, चक्कर, अंधुक दिसणे अशी लक्षणे दिसली तर काम थांबवा, कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि दवाखाना गाठा. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. डबा किंवा लेबल सोबत न्या, कोणते विष आहे हे डॉक्टरला कळले तर उपचार लवकर होतात.

आता रिकामा डबा. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत दुपारचे जेवण जेवून २३ मुले मेली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले. विष आणि अन्न एका घरात जवळजवळ आले की काय होते, ते या मुलांनी जीव देऊन दाखवले. कितीही घासला तरी तो डबा पाण्याला, तेलाला, डाळीला चालत नाही. फवारणीच्या वेळीच तो तीनदा खळखळून ते पाणी पंपात ओता. मग डब्याला भोके पाडा, म्हणजे कुणाला वापरता येणार नाही. जाळू नका, विहिरीत-नाल्यात फेकू नका. शहरातल्या मैत्रिणींनीही कुंड्यांवर मारायच्या विषाची बाटली ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता घातक कचरा म्हणून वेगळी द्यावी.

शिल्लक विषाला कुलूप हवे. भांडणाच्या, निराशेच्या एका क्षणी ते हाताशी नसले तर जीव वाचतो. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली, तेव्हा तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या. म्हणजे कुलपाइतकीच बंदीचीही गरज आहे.

आणि हे सगळे ओझे आपल्याच डोक्यावर का घ्यायचे? १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी डब्यांची आणि उरलेल्या विषाची सुरक्षित विल्हेवाट लावण्याचे कर्तव्य उत्पादकांवरही टाकले आहे. विष हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे हवेत, असेही त्यात आहे. म्हणून ग्रामसभेत तीन मागण्या मांडू या. रिकामे डबे कृषी केंद्राने परत घ्यावेत. ज्याचे वावर त्याने मजुराला, कालवणाऱ्या बाईलाही, हातमोजे द्यावेत. आणि कृषी खात्याचे प्रशिक्षण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईलाही मिळावे, तिच्या सवडीच्या वेळी, तिच्या बोलीत.

माझ्या कागदावरचा प्रश्न मी आता बदलला आहे. 'फवारणी कोण करते?' असे मी विचारत नाही. 'तुमच्या घरात विष कुणाकुणाच्या हातातून जाते?' असे विचारते. तुम्हीही गावात जाऊन हेच विचारा आणि उत्तरे ग्रामसभेत वाचून दाखवा.

जिंदाबाद!