पाठच्या-पुढच्या भावंडांचं स्वागत

ज्यांच्यासाठी ही परिषद भरवली ते अपंग, मतिमंद भावंडांचे सगळे दादा आणि ताई,

हुतात्मा शिरीषकुमारांच्या नंदुरबार नगरीत स्वागत समितीच्या वतीने आपलं मनापासून स्वागत करतो. धडगावची मंडळी चांदसैली घाट उतरून आली आहेत, मोलगीची पहाटेच निघाली. काहींनी आपल्या मतिमंद भावाला, बहिणीला सोबत आणलंय, कारण घरी ठेवायचं कुणाच्या भरवशावर? त्यांचंही स्वागत. ते मध्येच उठले, मोठ्याने बोलले, तरी कुणी ओशाळं होऊ नका.

आपल्या जिल्ह्यातून दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. ज्या घरात हातापायांनी अधू, बोलता न येणारा मुलगा आहे, ते घर त्याला आजीजवळ ठेवतं आणि आजीच्या मदतीला थोरली बहीण मागे राहते. तिची शाळा सुटते ती तिथेच. पुढे तिला स्थळ आलं की भावाचं सांगायचं की झाकायचं, यावर घरात कुजबूज होते. सासरी गेल्यावर माहेरचा फोन वाजला तरी तिच्या पोटात गोळा येतो. अशी घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या ताईला कुणी काही विचारल्याचं मात्र मी फारसं पाहिलेलं नाही.

‘आमच्यामागे याचं कोण?’ असं आईवडील विचारतात आणि ‘भाऊ आहे की’ म्हणून शेजारी मोकळे होतात. भावाला विचारा ना! तो म्हणेल, पैसा देईन, पण बायको-मुलांसह दोन खोल्यांत सांभाळणं जमणार नाही. यात माया कमी आहे असं मी मानत नाही. हे आईवडील हयात असताना बोललं गेलं, तर वाट काढता येते.

वाटा आहेतही. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो; आईवडिलांप्रमाणे नातेवाईकही करू शकतात. पालक नेमल्यावर सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यावी लागते, पुढे दरवर्षी हिशेब. 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा तर स्पष्ट सांगतो की मालमत्ता बाळगण्याचा, वारसा घेण्याचा अपंग व्यक्तीचा हक्क इतरांच्या बरोबरीचा आहे. ज्या व्यवहारात आपलं हित तिच्या हिताच्या आड येतं, त्यातून मदतनिसाने बाजूला व्हायचं. पण केवळ रक्ताचं नातं आहे म्हणून त्याच्यावर संशय घ्यायचा नाही. सातबाऱ्यावरून भावाभावांत वितुष्ट येण्याआधी हे प्रत्येक घराला कळायला हवं.

कायद्यापलीकडे माणसांनीही वाटा काढल्या. नाशिकला 1977 साली रजनीताई लिमये यांनी मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनी ही शाळा उभी केली, ती स्वतः अशा मुलाची आई म्हणून. पालकांनी आपल्याकडे फार मोठं काम केलं. तिकडे अमेरिकेत, सिएटलला, डॉन मेयर यांनी 1990 साली खास भावंडांसाठीच प्रकल्प सुरू केला. भावंडांनी भावंडांना भेटावं, हा त्याचा गाभा. तेवढं तर नंदुरबारलाही जमण्यासारखं आहे.

म्हणून दुपारचं सत्र फक्त दादा-तायांचं ठेवलंय. आईवडिलांनी आणि आम्ही आयोजकांनीही बाहेर थांबायचं आहे. तोवर तुमच्या भावंडांजवळ विशेष शिक्षक बसतील. आत राग बोला, थकवा बोला, भिलीत बोला, पावरीत बोला. ज्यांना पालकत्वाची कागदपत्रं समजून घ्यायची आहेत, त्यांनी सत्रानंतर थांबावं.