ईस्टरची पंगत आणि जातीची भिंत

(हैदराबाद येथे मराठी विद्यार्थ्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय कळल्यावर तुमच्यापैकी काहींनी मला विचारलं, की एप्रिल महिन्यात बाबासाहेबांवर बोलायचं सोडून हे ल्यूथरन ईस्टर कुठून काढलं? प्रश्न रास्त आहे. मी बौद्ध घरातला आहे, ख्रिस्ती नाही. कोणाला देवळात किंवा चर्चमध्ये पाठवण्यासाठी मी इथे उभा नाही. पण ज्या राज्यांत आपण शिकायला, नोकरीला येतो, तिथल्या ल्यूथरन मंडळ्यांमध्ये बसणारे लोक कोण आहेत ते बघा. आंध्रातले माला आणि मादिगा, तमिळनाडूतले परैयर, झारखंडातले उरांव आणि मुंडा. तुमच्याच वर्गात, तुमच्याच वसतिगृहात त्यांची मुलं आहेत, आणि तीही घरातली पहिली पदवीधर आहेत. त्यांचा सर्वांत मोठा सण काय सांगतो, आणि त्या सणाचं जातीपुढे काय झालं, हे आपल्याला माहीत असायला हवं.

तारखांचा एक योगही सांगतो. २०२२ साली १४ एप्रिल हा पवित्र आठवड्यातला गुरुवार होता. येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि त्यांच्याबरोबर शेवटचं भोजन घेतलं, त्याची आठवण करण्याचा हा दिवस. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या काळात येतं, त्यामुळे भीमजयंती बहुतेक वर्षी एक तर या पवित्र आठवड्यात पडते, नाही तर ईस्टरनंतरच्या दिवसांत.

आपल्याला ईस्टर म्हणजे एक रविवार वाटतो. ल्यूथरन पंचांगात तो पन्नास दिवसांचा काळ आहे. आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. त्या काळात उपासनेतून 'हालेलुया' हा शब्द काढून ठेवायची जुनी रीत आहे. उत्तम शुक्रवारी अनेक भारतीय मंडळ्यांत तीन तासांची उपासना होते आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पाळकांबरोबर मंडळीतल्या बायका, शिक्षक, कॉलेजची मुलंही त्यात असतात. गावातली पहिली पदवीधर मुलगी अशा वेळी सगळ्या मंडळीसमोर उभी राहून बोलते, ही लहान गोष्ट नाही. मग पुनरुत्थानाचा रविवार येतो. हालेलुया परत येतो. ख्रिस्त उठल्याची घोषणा पाळक करतात आणि मंडळी एका आवाजात तिला दुजोरा देते. वेदीवर पांढरं वस्त्र चढतं. चाळिसाव्या दिवशी स्वर्गारोहण आणि पन्नासाव्या दिवशी पेंटेकॉस्ट, इथपर्यंत हा काळ चालतो.

या काळात चर्चमध्ये काय वाचलं जातं, ते नीट बघा. जगभरच्या अनेक ल्यूथरन मंडळ्या जी तीन वर्षांची पाठमाला वापरतात, तिच्यात ईस्टरच्या दुसऱ्या रविवारी दरवर्षी थोमाची गोष्ट असते. थोमा म्हणतो, त्याच्या जखमांना हात लावल्याशिवाय मी विश्वास ठेवणार नाही. उठलेला येशू त्याला म्हणतो, लाव हात. म्हणजे एक रविवार स्पर्शाचा. तिसऱ्या रविवारी एका वर्षी अम्माऊसच्या वाटेवरची गोष्ट, जिथे भाकर मोडल्यावर शिष्यांना येशू ओळखू येतो. दुसऱ्या वर्षी शिष्यांसमोर भाजलेला मासा खाणारा येशू. तिसऱ्या वर्षी तळ्याकाठी शिष्यांसाठी न्याहारी तयार ठेवणारा येशू. तिन्ही गोष्टी जेवणाच्या आहेत. पुढे तीन वर्षांतून एकदा पेत्राची गोष्ट येते. परक्या लोकांच्या घरी जाऊन त्यांच्या पंगतीला बसला म्हणून त्याचेच लोक त्याला जाब विचारतात, आणि तो माघार घेत नाही.

आता हे भारतात ऐका. आधी स्पर्श, मग एकत्र जेवण, मग परक्याच्या पंगतीला बसल्याबद्दलचा जाब. स्पर्शबंदी आणि रोटीबंदी या जातीच्या दोन मुख्य दोऱ्या. ईस्टरचे पाठ नेमके त्यांच्यावरच पाय देतात. जर्मनीतल्या माणसाला यात फक्त चमत्कार दिसेल. आपल्या माणसाला यात विहिरीवरचं पाणी दिसतं, चहाच्या टपरीवरचा वेगळा कप दिसतो.

प्रभुभोजनाचंही तसंच. मार्टिन ल्यूथरच्या काळात प्रभुभोजनाचा प्याला फक्त धर्मगुरू पीत, सामान्य माणसाला नुसती भाकर मिळे. १५२० च्या लेखनात ल्यूथरने यावर हल्ला चढवला. प्याला सगळ्यांचा आहे आणि बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण याजक आहे, ही त्याची मांडणी. युरोपात हा धर्मगुरूंच्या मक्तेदारीविरुद्धचा झगडा होता. भारतात तोच प्याला आला, तेव्हा तो 'उष्टा' झाला. एकाच प्याल्याला सगळ्यांनी ओठ लावायचे, हे आपल्या समाजात बंड आहे.

मग ते बंड झालं का? इतिहास काय सांगतो ते पाहू.

९ जुलै १७०६ रोजी बार्थोलोमेउस त्सिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युत्शाऊ हे दोन जर्मन ल्यूथरन धर्मप्रचारक तमिळ किनाऱ्यावरच्या तरंगंबाडीला उतरले. तेव्हा ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं. त्यांनी शाळा काढल्या, मुलींनाही शिकवलं, तमिळमध्ये नवा करार छापला. १७१८ साली तिथे न्यू जेरुसलेम चर्च उभं राहिलं. त्याचा आकार क्रुसाचा. आणि त्या क्रुसाच्या आकारातच वेल्लाळ आणि परैयर वेगवेगळे बसत. प्रभुभोजनाला आधी वेल्लाळ, मग परैयर, अशी रीत तमिळ मंडळ्यांत पडली. लक्षात घ्या, हे वेल्लाळ ब्राह्मण नव्हेत, वर्णाच्या भाषेत ते शूद्रच मानले जात. बाबासाहेब ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती चर्चच्या बाकांपर्यंत पोहोचली होती.

१७३३ साली आरोन हा पहिला भारतीय ल्यूथरन पाळक झाला. तो वेल्लाळ होता. त्याच काळात राजनायक्कन नावाचा एक परैयर माणूस होता. तंजावरच्या राजाच्या फौजेतला शिपाई, पुढे धर्मशिक्षक झाला. त्याने तंजावर भागात मंडळ्या उभ्या केल्या. कामात तो कुणाहून कमी नव्हता. पण त्याला पाळकाची दीक्षा मिळाली नाही. कारण उघड होतं: वरच्या जातीचे ख्रिस्ती त्याच्या हातून प्रभुभोजन घेणार नाहीत, ही मिशनऱ्यांची धास्ती. उठलेल्या येशूच्या जखमांना हात लावायला थोमाला मुभा, पण राजनायक्कनच्या हातची भाकर चालत नाही!

१८३३ साली कलकत्त्याचे अँग्लिकन बिशप डॅनियल विल्सन यांनी चर्चमधली जात ताबडतोब बंद करा असा आदेश काढला. त्यावर अनेक वेल्लाळ ख्रिस्ती रागावले, आणि पुढे त्यातले बरेच जण लाइपझिगच्या ल्यूथरन मिशनकडे गेले. कारण हे मिशन जातीबाबत सौम्य होतं. त्याचे प्रमुख कार्ल ग्राउल जातीला धर्माचा नव्हे तर समाजरिवाजाचा भाग मानत. हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? 'ही फक्त परंपरा आहे, तिचा धर्माशी संबंध नाही.' आजही आपल्याला हेच ऐकवतात.

बाबासाहेबांना हे सगळं ठाऊक होतं. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापूरला ख्रिस्ती लोकांसमोर बोलताना त्यांनी दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात पाळली जाते, हे तोंडावर सांगितलं होतं.

पण गोष्ट इथे संपवली तर तो आपल्याच लोकांवर अन्याय होईल. कारण चर्चमध्ये समानता आणली ती मिशनऱ्यांच्या कृपेने नव्हे. गुंटूरला १८४२ साली अमेरिकेतून हायर नावाचे ल्यूथरन मिशनरी आले. पुढच्या काळात आंध्रात माला आणि मादिगा वस्त्याच्या वस्त्या ख्रिस्ती झाल्या. इतिहासकार जॉन वेबस्टर यांनी दाखवून दिलंय, की अशा सामूहिक धर्मांतरांत पुढाकार दलितांचाच होता, मिशनरी मागून आले. रांचीला १८४५ मध्ये गॉसनर मिशनचे चार जण आले. ९ जून १८५० रोजी पहिल्या चार उरांवांनी बाप्तिस्मा घेतला. पहिल्या महायुद्धात जर्मन मिशनऱ्यांना जावं लागलं आणि १९१९ मध्ये तिथल्या मंडळीने स्वतःचा कारभार हाती घेतला.

आपल्या मराठी माणसाचा यात मोठा वाटा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. अरविंद निर्मळ. १९८१ साली बंगळूरला दिलेल्या व्याख्यानातून त्यांनी ख्रिस्ती धर्मशास्त्राला प्रश्न विचारला, की हे सगळं ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी गप्पा मारणारं शास्त्र आहे, यात दलित कुठे आहे? पुढे चेन्नईच्या गुरुकुल ल्यूथरन धर्मशास्त्र महाविद्यालयात दलित धर्मशास्त्राचा विभाग त्यांनी सांभाळला. पावलांचे ठसे पुसायला कमरेला फांदी आणि थुंकायला गळ्यात मडकं बांधलेल्या आपल्या पूर्वजांपासून त्यांनी मांडणी सुरू केली. वधस्तंभावरचा येशू त्यांना दलित दिसला.

दुसरं नाव थिओफिलस अप्पावू यांचं. ते ल्यूथरन नव्हते, दक्षिण भारत मंडळीचे पाळक होते, मदुराईला शिकवत. त्यांनी उपासनेत परै आणली. परै म्हणजे आपल्या हलगीची बहीण. मयताला वाजते म्हणून अपवित्र, आणि वाजवणाराही अपवित्र. ज्या वाद्यावरून जातीचं नाव जोडलं गेलं, ते चर्चमध्ये वाजवायला लाज वाटायची. मरणाचं वाद्य पुनरुत्थानाच्या उपासनेत वाजलं, तर बदल कुठे झाला ते वेगळं सांगायला नको.

आता आजचा प्रश्न, जो थेट तुमच्या कागदपत्रांशी जोडलेला आहे. जुन्या परंपरेत ईस्टर ही बाप्तिस्म्याची वेळ. अनेक मंडळ्यांत या काळात आपल्या बाप्तिस्म्याची उजळणी करतात. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाचा तिसरा परिच्छेद म्हणतो, की अनुसूचित जातीचा माणूस अमुक धर्माचाच असला पाहिजे. आधी फक्त हिंदू. १९५६ मध्ये शीख आले. १९९० मध्ये आपण बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेर आहेत. अनुसूचित जमातींना मात्र ही धर्माची अट नाही. परिणाम काय? रांचीच्या उरांव मुलाचा आणि गुंटूरच्या मादिगा मुलाचा बाप्तिस्मा एकच. पहिल्याचा दाखला शाबूत राहतो, दुसऱ्याचा जातो. आंध्रात धर्मांतरित दलित ख्रिस्तींना मागासवर्गाच्या 'क' गटात एक टक्का आरक्षण आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरीतल्या एका महिलेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिला अनुसूचित जातीचा दाखला नाकारला. तिचा बाप्तिस्मा आणि तिचं चर्चला जाणं यांचा तिच्या विरोधात विचार झाला. म्हणजे ईस्टरच्या उपासनेला जाणं हा पुरावा ठरू शकतो. मग काही घरांत दाखल्यावर एक ओळख आणि मंडळीत दुसरी, असं जगणं येतं. अशा मुलामुलींना 'खोटे' म्हणायची घाई करू नका. चर्च त्यांना जात विसरू देत नाही आणि सरकार म्हणतं तुमची जात गेली. १९५६ ते १९९० ही चौतीस वर्षं केंद्राच्या सवलतींबाबत आपल्या आईवडिलांनी हाच प्रश्न भोगला आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा असं सांगितलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. या मागणीत आपण त्यांच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे. आपला वाटा कमी होईल या भीतीने गप्प राहिलो, तर वाटा वाढवून मागायचा लढाही आपण सोडून देतो.

शेवटचा मुद्दा दफनभूमीचा. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जमून उपासना करायची प्रथा १७३२ साली जर्मनीतल्या हेर्नहूट गावी मोराव्हियन लोकांनी सुरू केली. रांचीच्या ल्यूथरन मंडळीत आजही ती आहे. अंधार असतानाच लोक येतात, आपापल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात आणि उजाडताना गातात. मेलेले उठतील, असं त्या पहाटे म्हटलं जातं.

पण तमिळनाडूत ख्रिस्ती दफनभूमींतही जातीच्या भिंती आहेत. तिरुचिरापल्लीच्या एका कॅथलिक दफनभूमीतली भिंत तर देशभर गाजली. गुंटूरच्या ल्यूथरन मिशनच्या शाळेत शिकवलेले तेलुगू कवी गुर्रम जाषुवा यांनी 'श्मशानवाटी'त स्मशान ही समतेची जागा म्हणून पाहिली. त्यांना हिंदूंनीही हिणवलं आणि ख्रिस्ती लोकांनीही. मेल्यानंतर तरी सगळे सारखे, ही त्यांची आशा भिंत बांधणाऱ्यांनी खोटी पाडली.

म्हणून मी तुम्हाला एक साधी कसोटी सांगतो. कोणताही धर्म, कोणतीही संघटना समानतेचं भाषण करते तेव्हा तीन ठिकाणी जाऊन बघा. ताट आणि प्याला कुणाच्या हातून फिरतो. पुढारी म्हणून कुणाची नेमणूक होते. आणि मेलेल्याला कुठे पुरतात किंवा जाळतात. ही कसोटी ल्यूथरन मंडळीला लावा, तशीच आपल्या विहाराला लावा, आपल्या जयंती मंडळालाही लावा. आपल्यातही पोटजातीच्या पंगती आहेत आणि लग्नाच्या जाहिराती आहेत.

पुढच्या एप्रिलमध्ये तुमच्या वसतिगृहातल्या ल्यूथरन मुलामुलींना जयंतीला बोलवा. त्यांनी ईस्टरला बोलावलं तर जा, आणि जेवून या. जाताना बालकृष्णन आयोगाबद्दल, १९५० च्या आदेशाबद्दल त्यांच्याशी बोला. त्यांच्या घरची कागदपत्रांची गोष्ट ऐका आणि आपल्या घरची सांगा.

माझं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न असतील तर विचारा. जय भीम.