ताजमहालाच्या पायथ्याशी मूल आणि प्रवाशाचा कॅमेरा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



यमुनेच्या पैलतीरावरून, मेहताब बागेच्या बाजूने काढलेले ताजमहालाचे एक विशिष्ट प्रकारचे छायाचित्र जगभरच्या प्रवासपुस्तकांतून आणि नियतकालिकांतून वर्षानुवर्षे छापले जात आहे. मागे धुक्यात तरंगणारा पांढरा घुमट, मध्ये आटलेल्या नदीची वाळू आणि अगदी पुढे अनवाणी, विस्कटलेल्या केसांचे, कॅमेऱ्याकडे टक लावून पाहणारे मूल. चित्राखाली ओळ असते ती वैभव आणि दारिद्र्य यांच्या विरोधाची. त्या मुलाचे नाव काय, त्याची आई कोठे कामाला जाते, ते शाळेत जाते की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या ओळीत सापडत नाही. घुमटाचे नाव मात्र अचूक छापलेले असते.

या चित्राकडे केवळ अभिरुचीचा प्रश्न म्हणून पाहणे अपुरे आहे. येथे एक देवघेव घडते. तिच्यात एका बाजूला भांडवल आहे, दुसऱ्या बाजूला गरज आहे, आणि जी वस्तू निर्माण होते तिला बाजारात किंमत आहे. म्हणून अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारायचे प्रश्न येथेही विचारले पाहिजेत : मूल्य कोण निर्माण करतो, ते कोणाच्या पदरात पडते आणि खर्च कोण सोसतो?

प्रथम स्थळाचा विचार करू. ताजमहालाचे बांधकाम १६३२ च्या सुमारास सुरू झाले. त्याच्या देखभालीसाठी शाहजहानने तीस गावांचा महसूल आणि भोवतीच्या बाजारांचे व सरायांचे उत्पन्न लावून दिले होते. आज ताजगंज म्हणून ओळखली जाणारी वस्ती त्या बाजारपेठेतूनच वाढली. म्हणजे भोवतालच्या कष्टकऱ्यांनी वास्तूला पोसावे ही व्यवस्था प्रारंभापासूनची आहे. आज ही वास्तू स्वतःच्या बळावर उत्पन्न मिळवते. २०१८ पासून परदेशी प्रवाशाला १,१०० रुपये आणि भारतीयाला ५० रुपये प्रवेशशुल्क पडते. मुख्य समाधीच्या दर्शनासाठी २०० रुपये वेगळे. खेरीज हॉटेले, वाहने, मार्गदर्शक, दलाल यांचा व्यवहार आहेच. अर्थशास्त्रात ज्याला खंड म्हणतात तशा प्रकारचे हे उत्पन्न आहे. कोणाच्याही आजच्या श्रमातून वास्तू उभी राहिलेली नाही, तिच्या अद्वितीयतेमुळे पैसा येतो. हा खंड कोणाकडे वाहत जातो, हे पैलतीरावरील कछपुऱ्यासारख्या वस्तीतून एक फेरी मारली तरी कळते.

खर्चाची बाजूही पाहण्यासारखी आहे. ताजच्या संगमरवराला धुरामुळे अपाय होतो म्हणून ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या संरक्षित पट्ट्यातील २९२ कारखान्यांनी दगडी कोळसा व कोक सोडून नैसर्गिक वायू वापरावा, नाही तर अन्यत्र जावे, असा तो आदेश होता. वास्तू वाचविणे आवश्यकच होते. प्रदूषणाचा पहिला बळी तेथील मजूरच असतो. न्यायालयाने कामगारांच्या नोकरीचे सातत्य आणि स्थलांतराचा बोनस यांचाही विचार केला होता. परंतु अशा तरतुदींचा लाभ घ्यायला हजेरीपटावर नाव असावे लागते. आग्र्याची अर्थव्यवस्था पादत्राणे, ओतकाम, पच्चीकारी अशा छोट्या उद्योगांवर उभी आहे. तेथे पुष्कळसे काम उक्ते किंवा घरी आणून होते. अशा कामगाराजवळ दाखवायला कागद नसतो. त्याच्या घरी जोड्याचे वरचे भाग शिवायला मूल हात लावते. बालमजुरीविषयीच्या १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हा शाळेच्या वेळेबाहेर कुटुंबाच्या धंद्यात मुलाने मदत करण्यास मुभा ठेवण्यात आली. घरकामाच्या या साखळीत ‘मदत’ कोठे संपते आणि मजुरी कोठे सुरू होते, हे ठरविणार कोण? वाळूवर दिसणारे मूल या साखळीतून आलेले असते. चित्रात मात्र साखळी दिसत नाही, फक्त मूल दिसते.

आता देवघेवीकडे वळू. प्रवासी म्हणतो की त्याने विचारूनच छायाचित्र काढले, वर दहा रुपयेही दिले. संमती ही दोन समान पक्षांमधील गोष्ट असते. सात-आठ वर्षांच्या मुलासमोर अपरिचित भाषेत बोलणारा, महागडे यंत्र गळ्यात अडकविलेला प्रौढ उभा राहतो तेव्हा ते मूल ‘हो’ म्हणते. या होकाराला वेतनाचा तराजू ठाऊक असलेल्या माणसाने संमती म्हणू नये. कारखान्याच्या दारात उपाशी मजूर पडेल त्या मजुरीला ‘हो’ म्हणतो, तोही असाच. छायाचित्रे विकणाऱ्या संस्थांची रीत तर उद्बोधक आहे. चित्र जाहिरातीसाठी वापरायचे असेल तर व्यक्तीची, आणि अल्पवयीन असल्यास पालकांची, लेखी संमती मागितली जाते. त्यावर ‘वृत्तोपयोगी’ असा शिक्का बसला की ही अट सहसा गळून पडते. गरीब मूल हे बातमीचे द्रव्य ठरते आणि म्हणून त्याला विचारण्याची आवश्यकता उरत नाही.

दहा रुपयांचा परिणामही तपासला पाहिजे. शाळेच्या वेळात वाळूवर उभे राहिल्याने पैसे मिळतात, हे एकदा घरात कळले की मुलाचे दैन्य ही मिळकतीची वस्तू होते. स्वच्छ कपड्यांतील मुलाकडे कोणी कॅमेरा वळवीत नाही, हेही मुलांना लवकर कळते. दातृत्वाच्या भावनेने दिलेले नाणे अशा रीतीने बालमजुरीचे एक नवे क्षेत्र उघडते. त्यात पोशाख फाटका हवा, एवढीच कामाची अट असते.

दारिद्र्य देखावा झाले की त्याची मांडणीही करता येते. २०११ मध्ये एका इटालियन छायाचित्रकाराने उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेशातील खेड्यांत गरीब माणसांसमोर, त्यांत मुलेही होती, मेजावर खोटे अन्न मांडले आणि त्यांना डोळे झाकून आवडत्या पदार्थांची कल्पना करावयास सांगितले. ती चित्रे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा जगभर संताप व्यक्त झाला. पण त्या प्रकाराला अपवाद मानणे ही स्वतःची फसवणूक होय. घुमटाच्या बरोबर पुढे मुलाला उभे करणे आणि खोट्या अन्नापुढे त्याला उभे करणे, या दोहोंत अंशाचा फरक आहे, जातीचा नाही. दोन्हींत भूक ही निसर्गाची देणगी असावी तशी दिसते. तिला मालक नाही, दर नाही, धोरण नाही.

मग कॅमेऱ्यावर बंदी घालावी काय? येथे सावध राहिले पाहिजे, कारण सत्ताधाऱ्यांना गरिबी झाकलेलीच हवी असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये हैदराबादला आंतरराष्ट्रीय उद्योजक परिषद भरली, तेव्हा पोलिसांनी शहरात भीक मागण्यावर दोन महिन्यांची बंदी घातली आणि भिकाऱ्यांना रस्त्यांवरून उचलले. फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष अहमदाबादला आले, तेव्हा त्यांच्या मार्गावरील झोपडवस्तीपुढे महापालिकेने भिंत बांधली. ती अतिक्रमण रोखण्यासाठी आहे असा खुलासा झाला. त्याच दौऱ्यात ते ताजमहाल पाहणार म्हणून यमुनेत कालव्याचे ५०० क्युसेक पाणी सोडून दुर्गंधी कमी करण्यात आली. त्या नदीकाठी वर्षभर राहणाऱ्या मुलांसाठी ते पाणी आले नव्हते. एकीकडे प्रवासी मुलाचे दैन्य विकतो, दुसरीकडे शासन ते पुसून टाकते. दोघांच्याही लेखी मूल हा नागरिक नाही.

छायाचित्र अन्यायाविरुद्धचे साधन होऊ शकते, याला इतिहासाचा आधार आहे. अमेरिकेत लुईस हाइन या शिक्षकाने १९०८ पासून राष्ट्रीय बालमजुरी समितीसाठी गिरण्या, खाणी आणि कारखान्यांतील मुलांची छायाचित्रे काढली. ती काढताना तो शक्य तेथे मुलाचे नाव, वय, कामाचे तास आणि मजुरी टिपून ठेवीत असे. त्याच्या चित्रांत मुलामागे यंत्र दिसते आणि यंत्रामागे मालक शोधता येतो. ही चित्रे एका चळवळीच्या हाती होती. १९१६ चा बालमजुरीविरोधी कायदा न्यायालयाने दोन वर्षांत रद्द केला तरी चळवळ थांबली नाही. अखेर १९३८ मध्ये संघराज्याचा टिकाऊ कायदा झाला.

याउलट १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर डोरोथिया लँग यांनी काढलेले ‘स्थलांतरित माता’ हे चित्र पाहावे. हेतू उदात्त होता, काम शासनाचे होते. वृत्तपत्रात चित्र आल्यावर तळावर अन्न पोचले, पण तोवर ते कुटुंब पुढे निघून गेले होते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे त्या मातेचे नाव जगाला १९७८ मध्ये कळले. १९८३ मध्ये तिच्या आजारपणाच्या खर्चासाठी मुलांना लोकांपुढे हात पसरावे लागले. १९९८ मध्ये त्याच चित्राची एक प्रत लिलावात २,४४,५०० डॉलरला विकली गेली. उदात्त हेतूही मालकीचे गणित बदलू शकत नाही, हा यातला धडा आहे.

कायद्याची स्थितीही कार्यकर्त्यांनी जाणून घ्यावी. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय करारात मुलाच्या खाजगीपणाचा हक्क मान्य झाला असून भारताने १९९२ मध्ये तो स्वीकारला. २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार भीक मागताना वा रस्त्यावर राहताना आढळणारे मूल हे ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ ठरते, आणि चौकशी, तपास वा न्यायप्रक्रियेच्या वृत्तांतात त्याची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. विसंगती अशी की तेच मूल यंत्रणेच्या नोंदीत येण्यापूर्वी प्रवाशाच्या छायाचित्रात उघड्या चेहऱ्याने जगभर फिरते, आणि तेथे हे कलम त्याच्या उपयोगी पडत नाही.

महाराष्ट्रालाही यातून सुटका नाही. २००८ च्या ‘स्लमडॉग मिलियनेअर’ या चित्रपटात ताजमहालापाशी प्रवाशांना फसविणारी आणि त्यांचे जोडे पळविणारी मुले दाखविली आहेत. चित्रपटाला आठ ऑस्कर पारितोषिके मिळाली. त्यातील दोन बालकलाकारांची वांद्र्याच्या झोपडवस्तीतील घरे मे २००९ मध्ये, म्हणजे पारितोषिकांनंतर तीन महिन्यांत, पाडण्यात आली. निर्मात्यांनी मुलांसाठी विश्वस्त निधी ठेवला होता हे खरे. परंतु छप्पर हा निधीचा विषय नसून गृहनिर्माणाच्या धोरणाचा विषय आहे. त्याच मुंबईत धारावी दाखविणाऱ्या एका संस्थेने सहलीत कॅमेऱ्याला मज्जाव केला आणि नफ्याचा मोठा हिस्सा वस्तीतील शिक्षणाकडे वळविला. वस्ती पाहायला येणाऱ्यांच्या बाजारात राहूनही नियम करता येतो, एवढे यावरून सिद्ध होते. त्याने झोपडवस्तीचा प्रश्न सुटत नाही, हेही तितकेच खरे.

तेव्हा करावयाचे काय? प्रवाशाला उपदेश करणे सोपे आहे. त्याचा उपयोग मर्यादित आहे. मागणी वास्तूच्या उत्पन्नावर हवी. प्रवेशशुल्काचा ठरावीक हिस्सा ताजगंज, कछपुरा यांसारख्या वस्त्यांतील शाळा, पाणी आणि सांडपाण्याच्या कामासाठी कायद्याने राखून ठेवावा आणि त्याचा हिशेब त्या वस्त्यांपुढे मांडला जावा. घरी काम करणाऱ्या कारागिरांची नोंदणी करून त्यांच्या उक्त्या कामाचे दर ठरवावेत. आईबापाच्या मजुरीत भर पडली की वाळूवर उभे राहण्याची मुलाची गरज कमी होते. हा उपाय कोणत्याही फलकापेक्षा प्रभावी आहे.

आणि एक पथ्य चळवळीने स्वतःही पाळावे. पक्षाच्या भित्तिपत्रकांवर, वर्गणीच्या आवाहनांवर उपाशी, उघड्या मुलांची चित्रे सर्रास छापली जातात. हेतू चांगला आहे एवढे समर्थन पुरेसे नाही. यापुढे कार्यकर्त्याने वस्तीतील मुलाचे चित्र छापण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : पालकांना ते कोठे व कशासाठी छापले जाणार हे त्यांच्या भाषेत सांगितले काय, चित्रासोबत दारिद्र्याचे कारण आणि जबाबदार यंत्रणा लिहिली काय, आणि छापलेला अंक त्या घरी नेऊन दिला काय. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. अंक घेऊन पुन्हा त्या दारात उभे राहावे लागणार हे ज्याला माहीत असते, तो पहिल्या भेटीतच मुलाचे नाव विचारतो.