झाडांच्या कामाची हत्यारे : निवड आणि निगा

(इंदूर येथे ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वृक्षारोपणाविषयी आपण पुष्कळ ऐकतो; परंतु ज्या हत्यारांनी झाडांची जोपासना व्हावयाची, त्यांच्याविषयी क्वचितच कोणी बोलतो. याच इंदूर शहरात १४ जुलै २०२४ रोजी रेवती रेंजच्या परिसरात एका दिवसात अकरा लाखांहून अधिक रोपे लावण्यात आली आणि त्या उपक्रमाची गिनीज विश्वविक्रमांत नोंद झाली. रोप लावण्यास काही मिनिटे पुरतात. ते वाढविण्यास वीस-पंचवीस वर्षे लागतात. त्या वर्षांत आळे करणे, आधार देणे, वेडीवाकडी फांदी काढणे, वादळात मोडलेली फांदी उतरविणे अशी अनेक कामे निघतात, आणि त्यांतील प्रत्येक काम कोणाच्या तरी हातातील हत्याराने होते. ते हत्यार बोथट असले, तर झाड जायबंदी होते. ते अयोग्य असले, तर माणूस जायबंदी होतो. म्हणून आज मला एकच गोष्ट आपणांपुढे मांडावयाची आहे : ज्या हत्याराची धार व दुरुस्ती आपल्या गावात, आपल्या माणसांच्या हातून होऊ शकते, तेच हत्यार आपण विकत घ्यावे.

इंदूरचा जुना धडा

हा विचार इंदूरला नवा नाही. १९२४ साली येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली व सर अल्बर्ट हॉवर्ड तिचे संचालक झाले. त्यांनी व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्ट खताची जी पद्धत सिद्ध केली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून प्रसिद्ध आहे. १९३१ साली दोघांच्या नावाने त्यावर इंग्रजी ग्रंथ निघाला. त्या पद्धतीत एक अडचण होती. कपाशीच्या पऱ्हाट्या व तुरीच्या तुराट्या टणक असल्यामुळे लवकर कुजत नसत. त्यासाठी त्यांनी मोठे यंत्र मागविले नाही. शेतातील रस्त्यांवर ती काटक्यांची रास पसरून ठेवली; येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली ती आपोआप चिरडली जाई आणि मग खताच्या खड्ड्यात जाई. जे साधन हाताशी आहे, जे दुरुस्त करणारा सुतार-लोहार गावातच आहे, त्याच्याकडून काम करून घेणे, हा त्यातील धडा होय. आज बैलगाड्या कमी झाल्या व यंत्रे आली; तरी हा धडा जुना झालेला नाही.

आधी काम, मग हत्यार

हत्याराची निवड फांदीच्या जाडीवरून करावी. बोटाएवढ्या, म्हणजे साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतच्या फांदीसाठी सिकेटर पुरेसा आहे. सिकेटर दोन प्रकारचे मिळतात. एकात दोन पाती कात्रीप्रमाणे एकमेकींच्या बाजूने सरकतात. दुसऱ्यात एकच पाते सपाट ऐरणीवर दाबले जाते. दुसऱ्या प्रकाराने ओली साल चेंगरते, म्हणून हिरव्या फांदीसाठी पहिला प्रकारच घ्यावा. चार सेंटिमीटरपर्यंतच्या फांदीसाठी लांब दांड्याची कात्री वापरावी. त्याहून जाड फांदीला वक्र पात्याची छाटणीची करवत लागते. तिचे दाते ओढताना कापतात, त्यामुळे श्रम कमी होतात व काप स्वच्छ येतो.

कुऱ्हाड व कोयता ही आपली जुनी हत्यारे. पाडलेले लाकूड फोडणे व झुडपे साफ करणे यांसाठी ती उत्तम आहेत. परंतु उभ्या झाडाच्या छाटणीसाठी त्यांचा उपयोग करू नये. घावाने बुंध्याची साल फाटते व तेथून कुजण्यास आरंभ होतो. दांडा धामणीसारख्या लवचीक व चिवट लाकडाचा असावा, त्याचे तंतू लांबीच्या दिशेने सरळ जाणारे असावेत. डोके सैल झाले, तर दांडा पाण्यात भिजवून काम भागवू नये. वाळल्यावर तो पुन्हा सैल होतो. नवी पाचर ठोकणे हाच खरा उपाय आहे.

धार कशासाठी, हेही समजून घेतले पाहिजे. फांदी जेथे बुंध्याला मिळते, तेथे थोडा फुगीर भाग असतो. जखम भरून काढणारी नवी वाढ तेथूनच होते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो खोडे चिरून दाखवून दिले की, झाड जखमेभोवती जणू भिंत उभारून कुजणे अडविते. म्हणून तो फुगीर भाग न दुखविता त्याच्या लगेच बाहेर कापावे. खुंटही मोठा ठेवू नये. फांदी जड असेल, तर प्रथम बुंध्यापासून हातभर अंतरावर खालच्या बाजूने थोडा काप द्यावा, त्याच्या किंचित पुढे वरून कापून भार उतरवावा आणि उरलेला खुंट शेवटी स्वच्छ कापावा. असे केल्याने बुंध्याची साल सोलवटून खाली येत नाही.

साखळी करवतीची निगा

आता साखळी करवतीकडे, म्हणजे चेन सॉकडे वळू. १९४० च्या दशकात अमेरिकेतील जोसेफ कॉक्स या लाकूडतोड्याने लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी डावी-उजवीकडे कशी कुरतडते ते पाहून साखळीच्या दातांची नवी रचना केली. आजच्या साखळ्या बहुतांशी त्याच तत्त्वावर आहेत. हे यंत्र वेगवान आहे, आणि तितकेच निर्दय आहे. वर्षातून दहा-बारा फांद्या कापणाऱ्या शाळेला अथवा छोट्या गावाला त्याची गरज नाही, हातकरवत पुरेल. गरज असेल तेथे ३५ ते ४० सेंटिमीटर पट्टीचे यंत्र सर्वसाधारण कामास पुरेसे आहे. मोठे यंत्र घेतल्याने काम चांगले होते असे नाही; हात मात्र लवकर थकतो.

त्याच्या निगेचे नियम थोडे आहेत, पण ते रोज पाळावयाचे आहेत. टू-स्ट्रोक यंत्राला पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते. कित्येक यंत्रांना लिटरला २० मिलिलिटर, तर काहींना ४० मिलिलिटर तेल लागते. यंत्राच्या पुस्तिकेतील प्रमाणच प्रमाण मानावे. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते व ते हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून मिश्रण थोडेच करावे, महिनाभरात संपवावे आणि पावसाळ्यात यंत्र ठेवून देताना टाकी रिकामी करावी. साखळीचे तेल वेगळे असते. ते संपलेले असता यंत्र चालविल्यास पट्टी व साखळी दोन्ही जळून जातात. हवेची गाळणी रोज झाडावी. पट्टी अधूनमधून उलटी बसवावी, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात.

धार गेली की नाही, हे भुसाच सांगतो. साखळीतून लाकडाचे ढलपे पडत असतील, तर धार शाबूत आहे. पिठासारखी पूड पडू लागली की काम थांबवावे. साखळीच्या मापाची गोल कानस घेऊन प्रत्येक दात आतून बाहेर, एकाच दिशेने, पुस्तिकेत दिलेल्या कोनात आणि सारख्याच संख्येने घासावा. एका बाजूचे दात लहान झाले, तर करवत वाकडी चालते. कानस ही यंत्राच्या मानाने अगदी स्वस्त वस्तू. परंतु यंत्र घेतले व कानस घेतली नाही, अशी खरेदी अनेक ठिकाणी होते आणि वर्षभरात ते यंत्र कपाटात जाते.

खड्डे आणि पालापाचोळा

खड्डे खोदण्याच्या यंत्राविषयी माळव्यातील व महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी विशेष सावध असावे. आपल्या काळ्या जमिनीखाली मुरूम व बेसाल्टचा खडक असतो. फिरते पाते दगडात अडकले की यंत्राचा दांडा उलटा फिरतो व मनगट मोडू शकते. ओल्या काळ्या मातीत यंत्र फिरविल्यास खड्ड्याच्या भिंती लिंपल्याप्रमाणे गुळगुळीत होतात. मुळे त्यांत शिरत नाहीत व कुंडीत अडकावीत तशी आतच गोल फिरतात. यंत्राने खड्डा घेतला, तरी पहारीने त्याच्या भिंती खरवडल्याशिवाय रोप लावू नये.

छाटलेल्या फांद्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न इंदूरसारख्या स्वच्छतेसाठी देशात नावाजलेल्या शहरालाही सोडवावा लागला आहे. येथे रोज सुमारे ३० टन हरित कचरा निघतो आणि पानगळीच्या दिवसांत तो दुपटीवर जातो, असे २०२५ साली सरकारी माहितीत सांगण्यात आले. त्यापासून इंधनाच्या गोळ्या करण्याचा प्रकल्प बिचोली हप्सी येथे हाती घेण्यात आला. गावाला इतका मोठा प्रकल्प नको. ट्रॅक्टरवर चालणारे, फांद्यांचा भुगा करणारे एक यंत्र पाच-सहा गावांत मिळून पुरते. तो भुगा झाडांच्या आळ्यात पसरावा, किंवा शेण व ओल्या पाल्यात मिसळून इंदूर पद्धतीने कुजवावा. ताजा भुगा मातीत मिसळू नये; तो कुजताना जमिनीतील नत्र ओढून घेतो. फांद्यांत खिळा किंवा तार राहिली, तर पाती एका दिवसात बोथट होतात, म्हणून आधी पाहून घ्यावे.

माणसाचा जीव

बंधुभगिनींनो, यंत्र बिघडले तर नवे येते. माणूस येत नाही. साखळी करवतीच्या पट्टीचे टोक वरच्या बाजूने लाकडाला लागले की यंत्र क्षणार्धात चालविणाऱ्याच्या तोंडाकडे उसळते. म्हणून साखळीचा ब्रेक चालतो की नाही हे काम सुरू करण्यापूर्वी रोज तपासावे, यंत्र खांद्याच्या वर उचलून कापू नये, शिडीवरून ते कधीही चालवू नये आणि एकट्याने काम करू नये. शिरस्त्राण, डोळ्यांचे आवरण, कानांचे आवरण व पायांचे संरक्षक कपडे ही यंत्राच्या किमतीतच धरावीत. त्यांच्यासाठी पैसे नसतील, तर यंत्रासाठीही नाहीत असे समजावे. ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्यावरील झाकण काढू नये. उपरणे, साडीचा पदर किंवा सैल बाही त्यात गुंतली तर सुटका होत नाही. ज्या दोराने ओंडके ओढले, तो दोर माणसाच्या कमरेला बांधू नये.

विजेच्या तारांजवळील फांद्या आपण तोडावयाच्याच नाहीत. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमचा दांडा तर नकोच, परंतु ओला बांबूदेखील वीज वाहून नेतो. वीज कंपनीला कळवावे व प्रवाह बंद झाल्याची खात्री तिच्या कर्मचाऱ्याकडूनच करून घ्यावी.

खरेदीपूर्वी

नर्मदेच्या उत्तर तीरावर बुदनी येथे १९५५ साली ट्रॅक्टर प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. आज तेथे कृषियंत्रांचे प्रशिक्षण व परीक्षण करणारी केंद्र शासनाची संस्था आहे. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे अशा संस्थेचा परीक्षण अहवाल मागावा. सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात काय, दुरुस्ती कोण करतो, चालविण्याचे शिक्षण कोण देईल, हे तीन प्रश्न किमतीच्या आधी विचारावेत. उत्तरे समाधानकारक नसतील, तर यंत्र अवजार बँकेतून भाड्याने घ्यावे. प्रत्येक यंत्राला एक नोंदवही ठेवावी व तीत चालविलेले तास, भरलेले तेल, लावलेली धार आणि चालविणाऱ्याचे नाव लिहावे. शाळांमध्ये हे काम शिक्षकांनी वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांकडून करवून घेतल्यास हिशेबाचा पाठही आपोआप होईल.

कायद्याचे भानही असू द्यावे. मध्य प्रदेशात नागरी क्षेत्रांतील वृक्षांसाठी २००१ चा अधिनियम आहे. महाराष्ट्रात १९७५ चा अधिनियम असून २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांस वारसा वृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले आहे. हत्यार हाती घेण्यापूर्वी परवानगी लागते किंवा नाही, याची चौकशी करावी.

शेवटी एवढेच सांगावयाचे आहे की, पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात आपण रोपांसाठी तरतूद कराल, तेव्हा तिच्याखालीच कानस, धार लावण्याचा दगड, संरक्षक साहित्य व एका माणसाचे प्रशिक्षण यांसाठीही एक ओळ लिहावी. ती ओळ लहान असेल. पण आज लावलेले रोप वृक्ष होईल की नाही, आणि त्याची फांदी छाटण्यास चढलेला माणूस संध्याकाळी सुखरूप घरी परतेल की नाही, हे बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून राहील.